मागच्या खोलीचा पडदा

बाई आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदा बोलल्या त्या खिडकीच्या पडद्याबद्दल.

"हा कुणी शिवलाय?"

भाऊजींना प्रश्न झोंबला. पडदा त्यांनी स्वतः घासाघीस करून आणला होता आणि त्या खरेदीचा त्यांना अजून अभिमान होता. तो एका बाजूला जमिनीला टेकत होता आणि दुसऱ्या बाजूला वीतभर वर गेला होता, हे खरं. पण आल्या आल्या कुणी तोंडावर असं बोलत नाही.

"घाईत शिवलाय," बाईंनी स्वतःच उत्तर दिलं. "पडदा आधी टांगायचा आणि खालची दुमड कच्च्या टाक्यांवर ठेवायची. कापड आपल्या वजनाने खाली उतरतं. ते उतरलं की मग पक्की शिलाई. कच्च्या टाक्यांना गाठही मारायची नाही. दोनदा मागे टाका घेतला की पुरे, म्हणजे काढताना एका ओढीत दोरा निघतो." मग त्या थांबल्या. "माफ करा. इतके दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून आहे, कुणाशी बोलणं नाही. तोंडातून हेच निघालं."

आणि त्या रडू लागल्या.

टेबलामागच्या वहिनींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. दारावरच्या पाटीवर फक्त 'खाजगी तपास' एवढंच होतं. बरीच वर्षं वकिली करून, तिचा कंटाळा येऊन वहिनींनी हे काम धरलं होतं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर ते 'जरा मदत करतो' म्हणून आले आणि मग गेलेच नाहीत. येणारे-जाणारेही आता त्यांना वहिनी आणि भाऊजीच म्हणत.

बाईंची हकीकत हळूहळू बाहेर आली. त्या पडदे शिवत. ज्यांच्याबरोबर त्या राहत, ते तसबिरींच्या फ्रेमा करत. खाली त्यांचं दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एकत्र राहायला लागले तेव्हा बाईंची लेक शाळेत होती. आता ती स्वतः शाळेत शिकवते. इतक्या वर्षांत लग्न मात्र झालं नाही. नोंदणीला जायचं दर वर्षी ठरे आणि दर वर्षी नेमकी कुठली तरी मोठी ऑर्डर येऊन पडे. पुढे दोघांनाही त्याची मौज वाटू लागली.

गेल्या आठवड्यात फ्रेमवाले दुकानात काच कापता कापता कोसळले. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. बाई त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेल्या त्या तिथेच राहिल्या. घराची किल्ली लेकीला दिली, तीच कपडे आणून देते. आणि मग परगावाहून थोरले आले.

"थोरले म्हणजे?"

"यांचे मोठे भाऊ. पोस्टमास्तर होते. बारा वर्षांत उंबऱ्याला पाय लागला नव्हता. ते म्हणतात, मी भाडेकरू आहे. यांना आपल्या गावच्या संस्थेत नेऊन ठेवणार म्हणतात. दवाखानेवाले तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, लग्नाचा कागद नाही, तेव्हा जवळचं माणूस कोण ते न्यायालयाकडून ठरवून आणा; तेव्हाच अर्ज दिला होता."

हा भाग वहिनींना सांगायची गरज नव्हती. भाऊजींना मात्र होती, म्हणून वहिनींनी थोडक्यात सांगितलं. लग्नाची नोंद नसली तरी दोघं एका घरात नवरा-बायकोसारखी दीर्घकाळ राहिली असतील, तर कायदा त्यांना नवरा-बायकोसारखंच धरतो. आजारपणात निर्णय कुणी घ्यायचा, खाटेशेजारी कुणी बसायचं, घरात कुणी राहायचं, हे सगळं त्यावर ठरतं. भाडेकरूला यातलं काही मिळत नाही.

"म्हणून कुटुंब न्यायालयाचे पाहणी अधिकारी काल घर बघून आले," बाई म्हणाल्या. "ते म्हणतात, मागच्या खोलीत माझी वेगळी खाट आहे. कपडे, कंगवा, चपला, सगळं तिथे. पुढच्या खोलीत एका माणसाचा संसार. वहिनी, मागच्या खोलीत खाट नव्हतीच कधी. तिथे माझं कापायचं टेबल असतं. यांनीच करून दिलंय, घडीचं. खिडकीला पडदासुद्धा नाही. मला रंग जुळवायला उजेड लागतो."

"तुम्ही जाऊन पाहिलंत?"

"मी बाकावरून हलले आणि मागे त्यांनी यांना नेलं तर? आत्ता लेकीला बसवून आलेय, म्हणून आले." बाईंनी डोळे पुसले. "उद्या अधिकारी निकाल देणार. मला घर नको, काही नको. मला फक्त आत जाऊन बसू द्या. त्यांना बोलता येत नाही. मी दिसले नाही तर त्यांना वाटेल, गेली सोडून."

भाऊजींनी वहीत 'थोरले' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्यांच्यापुरतं प्रकरण इथेच संपलं होतं.

थोरल्यांनी दार स्वतः उघडलं. कडक कॉलरचे, कडक पाठीचे गृहस्थ. वहिनींनी ओळख सांगितल्यावर त्यांनी नाक मुरडलं, पण अडवलं नाही. बघा, सगळं बघा, म्हणाले. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

"तुम्ही आलात कधी?" वहिनींनी विचारलं.

"परवा संध्याकाळी. भावाच्या खिशातल्या किल्ल्या दवाखान्याने दिल्या. दार उघडलं तेव्हा घर हे असंच होतं. काल सकाळी अधिकारी आले." थोरले पुढच्या खोलीतल्या मोठ्या पलंगाकडे बघत राहिले. "माझा भाऊ एकटा झोपत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कुणी परकं माणूस त्याच्या नावाने निर्णय घेणार आणि मी बघत बसणार? इतकी वर्षं बोललो नाही, ही माझी चूक. आता तरी त्याचं करू द्या."

पलंगावर एकच उशी होती. वहिनी काही न बोलता पलंगावर आडव्या झाल्या. आधी भिंतीकडच्या बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. थोरल्यांच्या भुवया कपाळात गेल्या. भाऊजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्ही पण बसून बघा, भाऊजी."

"नको, मी उभा बरा."

मागची खोली लहान आणि नीटनेटकी होती. एकेरी खाट, पायथ्याशी चपला, खिडकीला निळा पडदा. भाऊजींनी आपल्या परीने तपास केला. पडदा उलटून पाहिला आणि नाराज झाले. खालची दुमड कशीबशी घातलेली, पांढरा दोरा लांबून दिसतोय, गाठसुद्धा मारलेली नाही. स्वतःच्या घरचा पडदा असा, आणि आम्हाला नावं ठेवते, असं त्यांच्या मनात आलं. पण वहिनी गुडघे टेकून खाटेखाली बघत होत्या, म्हणून त्यांनीही वाकून पाहिलं. लाकडी जमिनीवर चार खोलगट खुणा पडल्या होत्या, आणि त्या खाटेच्या पायांपासून बऱ्याच दूर होत्या. फटींमध्ये टाचण्या आणि रंगीबेरंगी दोऱ्यांचे तुकडे अडकले होते.

टेबल खालच्या दुकानात सापडलं. फ्रेमांच्या गठ्ठ्यामागे ते घडी घालून उभं केलेलं होतं. भाऊजींनी ते आडवं करून, पाय ओढून मोठ्या हौसेने उघडलं. मिटता मात्र येईना. त्यांनी दाबलं, ढकललं, त्याच्याशी गोड बोलून पाहिलं. शेवटी फळीखाली हात घालून चाचपडताना आत लपलेली खिटी सटकली आणि तर्जनी चांगलीच चिमटली. नख बघता बघता काळंनिळं झालं.

"खिटी कुठे आहे ते माहीत असल्याशिवाय हे मिटत नाही," वहिनी म्हणाल्या.

"आणि माहीत असलं तरी बोट वाचत नाही," भाऊजी बोट तोंडात घालून म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या बोटाकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं. भाऊजींना वाटलं, आज प्रथमच वहिनींना आपली काळजी वाटली.

शेजारच्या गाळ्यात लॉन्ड्रीवाली होती. तिची जीभ इस्त्रीपेक्षा गरम. वरच्या जिन्यावरून काय नेलं-आणलं, हे विचारल्यावर तिने सरळ हात झटकले. फ्रेमवाल्याकडे रोज फळ्या जातात, दांडे जातात, कापडात गुंडाळलेलं काय काय जातं. खाट सुटी करून नेली तर तीही फळ्यांसारखीच दिसणार.

"आणि ती बाई भाडेकरू होती का?" भाऊजींनी विचारलं.

"रेडिओ मोठा का लावला, ओला टॉवेल पलंगावर का टाकला, यावरून रोज सकाळी भांडायची दोघं. भाडेकरूशी कोण इतकं जीव तोडून भांडतं हो?"

"हे अधिकाऱ्यांना सांगितलंत?"

"त्यांनी मला विचारलं कुठे?"

लेकीची भेट दवाखान्याच्या व्हरांड्यात झाली. आई बाकावर बसल्या बसल्या झोपली होती आणि लेक तिच्या अंगावर शाल सारखी करत होती. लेकीच्या डाव्या हाताच्या तर्जनीला पट्टी होती. शाळेच्या दारात सापडलं, म्हणाली. भाऊजींना तिची दया आली आणि त्यांनी आपलंही बोट दाखवलं.

लेक आवाज खाली ठेवून बोलत होती. अधिकाऱ्यांनी तिलाही विचारलं होतं. दोघं एकत्र राहायची एवढं मी सांगितलं, म्हणाली. कोण कुठे झोपतं ते मी कधी बघायला गेले नाही. भाऊजींना हे उत्तर सभ्य वाटलं. मग वहिनींनी विचारलं, की आईने फ्रेमवाल्यांची जबाबदारी घेतली तर तिला झेपेल का.

आईची झोप मोडली नाही ना, ते लेकीने आधी पाहिलं.

"माझे बाबा अंथरुणाला खिळले होते. आई तेव्हा माझ्याएवढी होती. कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं, आणि उरलेल्या वेळात पडदे शिवायचे. मी गृहपाठाआधी तिला दुमडी टाचून द्यायची, म्हणजे तिला तासभर तरी पाठ टेकता येई. बाबा गेले तेव्हा ती म्हातारी दिसायला लागली होती." तिने शालीचं टोक मुठीत धरलं. "काका चांगले आहेत. खूप चांगले आहेत. पण एकदा कायद्याने जवळचं माणूस ठरलं, की मग नाही म्हणता येत नाही ना?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "हक्काबरोबर तेही येतं."

परतताना भाऊजींनी आपला निष्कर्ष ऐकवला. थोरल्यांकडे किल्ली होती, अख्खी रात्र होती, कारणही होतं. वहिनी रिक्षा शोधत होत्या. उद्या सगळ्यांना मागच्या खोलीत बोलवा, बाईंनासुद्धा, एवढंच म्हणाल्या. दवाखान्यात तोवर माझी ओळखीची नर्स बसेल, म्हणजे बाईंना घोर नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लहान खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. अधिकारी खुर्चीवर, थोरले दारात, लॉन्ड्रीवाली न बोलावता आलेली. लेक खिडकीपाशी उभी होती. पडदेवाल्या बाई सर्वांत शेवटी आल्या, खाट पाहिली आणि उंबऱ्यातच थांबल्या.

वहिनींनी प्रस्तावना केली नाही. त्यांनी आधी अधिकाऱ्यांना पुढच्या खोलीतल्या पलंगावर बसवलं. भिंतीकडून, मग अलीकडून. गादीत दोन खळगे होते, दोन माणसांनी वर्षानुवर्षं झोपून पडलेले, आणि मधे उंचवटा. एकटा माणूस असा झोपत नाही.

मग मागची खाट बाजूला सरकवली. खालून आणलेल्या टेबलाचे पाय जमिनीवरच्या चार खुणांवर बरोबर बसले. फटींतल्या टाचण्या सगळ्यांनी पाहिल्या.

"इथे टेबल होतं," वहिनी म्हणाल्या. "खाट अलीकडे आली. भाडेकरूची खोली कुणीतरी नंतर तयार केली."

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. बाईंचा चेहरा आधी उजळला आणि मग लाल झाला. त्या थोरल्यांकडे वळल्या. इतकी वर्षं भावाची विचारपूस नाही, आणि तो पडल्यावर हे असलं करायला आलात, असं त्या बोलू लागल्या. थोरले पांढरेफटक पडले.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "ते खोटं बोललेले नाहीत. भाऊजी, टेबल त्यांच्यापुढे ठेवा. मिटून दाखवा म्हणावं."

थोरल्यांनी प्रामाणिक खटपट केली. टेबल हललं, कुरकुरलं, पण मिटलं नाही.

"आमच्या भाऊजींनाही काल जमलं नव्हतं. खिटी चुकून सुटली आणि बोट काळं झालं. थोरल्यांची बोटं धड आहेत. हे टेबल मिटून खाली नेणाऱ्याला खिटी माहीत होती. त्याच्याकडे किल्ली होती, आणि थोरले यायच्या आधी घर रिकामं मिळालं होतं."

भाऊजींनी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग त्यांना पट्टी बांधलेलं दुसरं एक बोट आठवलं. काल त्या बोटाशेजारी आपलं बोट धरून आपण हसलो होतो.

"आणि पडदा," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता हळू झाला होता. "ही खोली झोपायची वाटावी म्हणून तो टांगला. पण पडदा टांगणारा हात एका घरच्या सवयीचा होता. ताई, खालची दुमड बघता का?"

बाईंनी चष्मा लावला. निळं कापड उलटून दुमडीवरून अंगठा फिरवला. पांढरा धावदोरा, गाठ नाही, सुरुवातीला दोनदा मागे घेतलेला टाका.

"हे माझे टाके आहेत," बाई म्हणाल्या. "मी घातलेले नाहीत."

त्यांनी मान वर केली नाही. लेकच बोलली.

"आई, मला दुसरं काही सुचलं नाही. फळ्यांच्या हमालांकडूनच खाट वर आणवली. पडदा आपल्या ठेवणीतला घेतला. टाचताना कळलंही नाही कसा टाचतेय ते." तिचा आवाज फाटला. "तू बाबांचं सगळं केलंस. आता पुन्हा तेच, पुन्हा कूस बदलणं, पुन्हा पुसणं. मला वाटलं, कागदावर भाडेकरू ठरलीस तर कुणी तुला बांधून ठेवू शकणार नाही. तू सुटशील."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू हो म्हणाली असतीस."

बाई खाटेवर बसल्या. रागावल्या होत्या, खूप रागावल्या होत्या. पण लेकीच्या बोटाची पट्टी त्यांना आत्ताच पहिल्यांदा नीट दिसली आणि त्या रागाचं काय करावं ते त्यांना कळेना.

अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. पाहणीत दिसलेली मांडणी अलीकडची आहे, एवढंच मी नोंदवतो, म्हणाले. कुणी केली हा न्यायालयापुढचा प्रश्न नाही. मग ते बाईंकडे वळले.

"एक मात्र विचारायला हवं. मी तुम्हाला जवळची व्यक्ती ठरवलं, तर हक्क मिळतील. आणि सांभाळ, देखभाल, खर्च, सगळं तुमच्यावर येईल. कंटाळा आला म्हणून उद्या अंग काढून घेता येणार नाही. तुमची मुलगी चुकीचं वागली, पण चुकीचं बोलली नाही. विचार करून सांगा."

"तिच्या बाबांचं मी केलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "लग्न झालं होतं, करणं भाग होतं. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय. तेव्हा लिहा. हो म्हणून लिहा."

अधिकाऱ्यांनी लिहिलं. दारातले थोरले दोनदा खाकरले.

"महिन्यातून काही दिवस मी येऊन राहिलो तर चालेल का?" त्यांनी विचारलं. "मला कूस बदलता येते. आईची बदलली होती."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि या, म्हणाल्या. टॉवेल पलंगावर टाकायचा नाही, एवढी अट घातली.

मग त्या उठल्या. दवाखान्यात लगेच जायचं होतं. जाता जाता त्यांनी खोलीवर नजर फिरवली. एकेरी खाट, तिच्याभोवती चारी बाजूंनी फिरता येईल इतकी जागा, खिडकी. भाऊजींना त्यांच्या मनातलं काही उमगलं नाही. वहिनींना मात्र उमगलं असावं, कारण त्यांनी खाट पुन्हा भिंतीपासून थोडी पुढे ओढली.

"ही इथेच राहू दे," बाई लेकीला म्हणाल्या. "आजारी माणसाला अशीच लागते. दिवसा झोपतील तेव्हा डोळ्यांवर उजेड नको."

त्यांनी ब्लाउजला टोचलेली सुई काढून लेकीच्या हातात दिली.

"पडदा पुरेसा उतरलाय. आता पक्की शिलाई घाल."